पॅनेलमधील अडीचची (२.५ चौरस मिमी) वायर नेमकी किती अँपिअर सोसते? (सोलापूरचा मे महिना धरून)

चिंचोलीकर | सोमवार, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी. चिंचोली एमआयडीसीतील एका टॉवेलच्या कारखान्यात मी देखभालीचे काम पाहतो. डाइंग हाउसमधील ड्रायरचे पंखे आणि पाण्याचे पंप यांच्यासाठी दोन वर्षांपूर्वी एक पॅनेल करून घेतले होते. त्यात ५.५ किलोवॅटच्या ९ मोटारींचे फीडर (प्रत्येक मोटारीला वीज देणारी स्वतंत्र वाट) आहेत, शिवाय १५ किलोवॅटचे २ ड्राइव्ह (मोटारीचा वेग बदलणारी उपकरणे) आहेत. प्रत्येक मोटारीचा पूर्ण भाराचा प्रवाह ११ अँपिअर असून सर्व नऊ फीडर अडीचच्या फ्लेक्झिबल वायरने ओढलेले आहेत, आणि या सगळ्या वायरी एकाच उभ्या चॅनेलमधून (झाकणाच्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यातून) खाली टर्मिनलपर्यंत येतात.

गेल्या आठवड्यात दुपारी तीनच्या सुमारास तीन फीडरचे एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच) एकामागोमाग पडले. दार उघडल्यावर आतून भट्टीसारखी झळ आली. चॅनेलचे झाकण काढून मधल्या वायरी बोटाने दाबून पाहिल्या, तर त्यांचे इन्सुलेशन कडेच्या वायरींपेक्षा स्पष्टपणे मऊ लागत होते आणि पांढऱ्या नंबर फेरुल (वायरीच्या टोकाच्या क्रमांकाच्या नळ्या) पिवळ्या पडलेल्या होत्या. पॅनेलच्या वरच्या भागात तापमापकाची तार सोडली, तेव्हा ५५ अंश दिसले.

पॅनेल बनवणाऱ्याचे म्हणणे असे की, वायरच्या कॅटलॉगमध्ये अडीचला २४ अँपिअर दिलेले आहेत आणि आपण त्याच्या निम्मेही घेत नाही, त्यामुळे वायरीचा प्रश्नच येत नाही. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. डीरेटिंगचा (उष्णता आणि गर्दीमुळे वायरीची क्षमता घटवण्याचा) हिशेब प्रत्यक्षात कसा मांडायचा, हे कोणी सांगेल का?

जुना वायरमन | सोमवार, रात्री ९.५२

मी पस्तीस वर्षे पॅनेल वायरिंग करतो आहे. ११ अँपिअरला अडीचची वायर आम्ही डोळे मिटून टाकतो. आपण प्रथम सगळे स्क्रू कसून पाहा. दहातली नऊ प्रकरणे ढिल्या जोडणीची असतात. डीरेटिंग हा शब्द कार्यालयातले लोक वापरतात.

कडक भाकरी | सोमवार, रात्री १०.०५

वायरमनसाहेब, डोळे मिटून वायर टाकता म्हणूनच फेरुल पिवळी झालेली दिसत नसावी. (राग मानू नये.)

हिशेबी | सोमवार, रात्री ११.२०

चिंचोलीकर, तुमच्या पॅनेलवाल्याने कॅटलॉग वाचला आहे, परंतु त्या आकड्याखालच्या अटी वाचलेल्या नाहीत. २४ अँपिअर हा आकडा साधारणपणे ३० अंश सभोवताल, एकच सर्किट आणि त्यात प्रवाह वाहणाऱ्या दोनच तारा, म्हणजे सिंगल फेज, असे धरून दिलेला असतो. थ्री फेजला भारित तारा तीन होतात आणि आयईसी ६०३६४-५-५२ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्यात पाइप किंवा चॅनेलमधील अडीचच्या पीव्हीसी वायरीला २१ अँपिअर मिळतात. आपला हिशेब इथून सुरू होतो.

आता तापमान घ्या. साध्या पीव्हीसीच्या वायरीत तांब्याचे तापमान ७० अंशांपुढे जाऊ द्यायचे नाही. सभोवतालची हवा जितकी तापलेली, तितकी या सत्तरपर्यंतची शिल्लक कमी. ३० अंशांना शिल्लक ४० अंशांची असते, ५५ अंशांना केवळ १५ उरते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात निर्माण होत असल्यामुळे १५ भागिले ४० याचे वर्गमूळ घ्यायचे. ते ०.६१ येते आणि तक्त्यातही हाच आकडा छापलेला आहे. म्हणजे २१ चे झाले १२.८. इथे 'सभोवताल' म्हणजे शेडमधील हवा नव्हे. वायर ज्या हवेत राहते ती, म्हणजे पॅनेलच्या आतली हवा. बहुतेक चुका याच ठिकाणी होतात.

यानंतर गर्दी मोजायची. एका चॅनेलमध्ये एकत्र जाणारी सर्किटे २ असतील तर ०.८०, ३ असतील तर ०.७०, ४ ला ०.६५, ६ ला ०.५७ आणि ९ ला ०.५०. तुमची नऊ आहेत. १२.८ चे निम्मे ६.४ अँपिअर.

कॅटलॉगमध्ये २४ आणि तुमच्या चॅनेलमध्ये ६.४, आणि वायर मात्र तीच.

अक्कलकोट रोड | मंगळवार, सकाळी ७.४०

हिशेबींच्या मांडणीत एक शंका आहे. नऊ मोटारी म्हणजे सत्तावीस वायरी होतात. मग गुणांक सत्तावीसचा घ्यायला नको का? आमच्याकडील एका सल्लागाराने एकदा असेच मोजले होते आणि उत्तर इतके लहान आले की मालकांनी कागदच फाडला.

हिशेबी | मंगळवार, सकाळी ८.१०

नाही. या तक्त्यात सर्किटे मोजायची असतात, वायरी नव्हे. एका थ्री फेज मोटारीच्या तिन्ही तारा मिळून एक सर्किट होते, कारण तीन तारांचा परिणाम २१ या मूळ आकड्यात आधीच धरलेला आहे. अमेरिकेच्या नियमात मात्र भारित तारा मोजतात आणि त्यांचे गुणांकही वेगळे आहेत. एका पद्धतीचा आकडा आणि दुसऱ्या पद्धतीचा गुणांक अशी मिसळ केली की मालक कागद फाडतात, आणि त्यांचे काही चुकत नाही.

पडताळा हवा असेल तर आयईसी ६१४३९-१ या पॅनेलच्या मानकाच्या परिशिष्टातील तक्ता पाहा. पॅनेलमधील हवा ५५ अंश, चॅनेलमध्ये भार असलेल्या सहा एकेरी वायरी, म्हणजे दोन थ्री फेज सर्किटे, अशी अट आहे आणि अडीचच्या वायरीला १० अँपिअर दिलेले आहेत. माझ्या पद्धतीने १२.८ गुणिले ०.८० केले तर १०.२ येतात. दोन वेगळी मानके एकाच जागी येऊन भेटतात, तेव्हा हिशेबावर विश्वास ठेवायला हरकत नसावी.

पत्रा आणि बसबार | मंगळवार, दुपारी १.३०

मी स्वतः पॅनेल बनवतो, म्हणून समोरच्या बाजूनेही थोडे लिहितो. आमच्याकडे चौकशी येते तेव्हा कागदावर एकच ओळ असते, 'सभोवतालचे तापमान ४० अंश'. मानकातही कमाल ४० आणि चोवीस तासांची सरासरी ३५ हेच गृहीत आहे. पत्र्याच्या छपराखालची, ड्रायरशेजारची जागा मे महिन्यात किती तापते, हे ग्राहकाला ठाऊक असते, पण तो ते लिहून देत नाही. आम्ही सहाची वायर धरून किंमत दिली, तर शेजारचा अडीच धरून देतो आणि ऑर्डर त्याला जाते.

दुसरे असे की नऊही मोटारी एकाच वेळी पूर्ण भारावर चालतात, असे क्वचित घडते. त्यासाठीच मानकात विविधता गुणांक (सगळे फीडर एकाच वेळी पूर्ण भारावर नसतात हे धरणारा) आहे. चिंचोलीकरांनी आधी टाँग टेस्टर (वायरीभोवती लावायचा चिमट्यासारखा अँपिअर मापक) लावून प्रत्येक फीडरचा प्रवाह मोजावा. ११ ही नेमप्लेटवरची बाब आहे.

चिंचोलीकर | मंगळवार, सायंकाळी ६.४५

आज दुपारी सव्वातीनला मोजले. ड्रायरच्या तीन पंख्यांना १० ते १०.५ अँपिअर, चार पंपांना ७ ते ८ आणि उरलेल्या दोहोंना ३ अँपिअर. पडलेले एमसीबी त्याच तीन पंख्यांचे आहेत आणि ते १६ अँपिअरचे आहेत. १६ चा एमसीबी साडेदहाला पडतो कसा, हे मात्र कळले नाही.

भीमाकाठ | मंगळवार, रात्री ८.२०

एमसीबीलाही डीरेटिंग असते. घरगुती मानकाचा, म्हणजे ६०८९८ चा एमसीबी ३० अंशांवर जुळवलेला असतो. त्याच्या आतली द्विधातूची पट्टी प्रवाहाने तापो किंवा हवेने, तिला फरक कळत नाही, ती वाकतेच. त्यात तुमचे नऊ एमसीबी डिन रेलवर (उपकरणे अडकवायच्या पट्टीवर) एकमेकांना खेटून बसलेले असणार, म्हणजे शेजाऱ्याची ऊबही तिलाच मिळते. दोन्ही परिणाम एकत्र केले की १६ चा एमसीबी अकराच्या आसपास येऊ शकतो. नेमका गुणांक त्या कंपनीच्या तक्त्यातूनच घ्यावा, कारण तो प्रत्येकाचा निराळा असतो.

तुमच्या एमसीबीने खरे तर तक्रार नोंदवली आहे. २० चा एमसीबी टाकून त्या तक्रारीचे तोंड बंद करू नका.

जुना वायरमन | मंगळवार, रात्री ९.३०

काल मी घाईने लिहिले, हे मान्य. परंतु जळालेल्या वायरी मी शेकड्याने पाहिल्या आहेत आणि त्या बहुतेक टोकालाच जळालेल्या असतात, चॅनेलच्या मध्यावर नव्हे. म्हणून स्क्रू कसण्याचा मुद्दा मी सोडणार नाही.

हिशेबी | मंगळवार, रात्री १०.१५

आपले निरीक्षण बरोबर आहे आणि निदानासाठी तेच सर्वात उपयोगी आहे. काळेपणा स्क्रूपासून सुरू होऊन वितभर अंतरावर संपत असेल, तर दोष जोडणीचा असतो. लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) नीट दाबलेला नसतो, फ्लेक्झिबल वायरीच्या काही तारा स्क्रूखाली तुटलेल्या असतात किंवा स्क्रू ढिला असतो. याउलट टोके स्वच्छ आहेत आणि गठ्ठ्याच्या मधल्या वायरी लांबवर सारख्याच मऊ झालेल्या आहेत, असे दिसले तर दोष गर्दीचा असतो. चिंचोलीकरांनी मधल्या आणि कडेच्या वायरींतला फरक लिहिला आहे, तो दुसऱ्या प्रकारचा आहे.

गर्दीचा परिणाम किती असतो ते पाहा. अडीचच्या फ्लेक्झिबल वायरीचा रोध २० अंशांना किलोमीटरमागे ७.९८ ओहम, आणि तांबे ७० अंशांवर असेल तर त्याच्या सुमारे १.२ पट. ११ अँपिअरला एका मीटर वायरीत साधारण १.१६ वॅट जळतात. एकट्या वायरीला हे काहीच नाही, पण २७ वायरींचे मीटरमागे ३१ वॅट होतात आणि तेही झाकण लावलेल्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यात. सहाच्या वायरीने हेच १३ वॅटवर येते.

उसाचा फड | बुधवार, सकाळी ६.५५

मी साखर कारखान्यात आहे. आमचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळा कडक होईपर्यंत संपतो, त्यामुळे मे महिन्यात आमची बरीच पॅनेले झोपलेली असतात. बॉयलर हाउसचे पॅनेल मात्र जानेवारीतही ४५ अंशांच्या हवेत उभे असते, म्हणून आम्ही ऋतूवर नव्हे तर जागेवर हिशेब करतो.

स्टार-डेल्टाची (मोठी मोटार सावकाश सुरू करण्याच्या जोडणीची) एक गंमत सांगतो. पॅनेलपासून मोटारीपर्यंत सहा तारा जातात आणि डेल्टामध्ये प्रत्येकीतून लाइनच्या ५८ टक्केच प्रवाह जातो, म्हणून लोक वायरही ५८ टक्क्यांचीच निवडतात. पण सहा तारा म्हणजे दोन सर्किटांची गर्दी होते. ०.५८ ला ०.८० ने भागले की ०.७२ येते. ३० अँपिअरच्या मोटारीला १७.४ धरून नव्हे तर २१.८ धरून वायर निवडावी लागते. हा भागाकार विसरल्यामुळे आमच्याकडे एकदा इंजेक्शन पंपाची केबल पाइपातच चिकटून बसली होती.

कडक भाकरी | बुधवार, सकाळी ९.००

समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचेही डीरेटिंग असते, असे ऐकले आहे. सोलापूरला ते लावायचे का?

भीमाकाठ | बुधवार, सकाळी ९.१२

ते उपकरणाप्रमाणे १००० मीटरच्या किंवा त्याहूनही वर लागते आणि आपण साडेचारशेच्या आसपास आहोत. उंचीने आपल्याला कधी त्रास दिलेला नाही, जो दिला तो उन्हानेच.

तेलंगी पेठ | बुधवार, दुपारी १२.२५

या सर्व खटाटोपापेक्षा ९० अंशांची एक्सएलपीई (पीव्हीसीपेक्षा जास्त उष्णता सोसणाऱ्या इन्सुलेशनची) वायर टाकली तर? त्याच तक्त्यात अडीचला २८ अँपिअर आहेत आणि ५५ अंशांचा गुणांकही ०.७६ असा मोठा आहे. नऊ सर्किटांचे ०.५० लावले तरी १०.६ मिळतात. ड्रायरच्या पंख्यांचे काम भागते. शिवाय जे दोन फीडर ३ अँपिअरवर चालतात, ते गर्दीतून वगळता येतील, कारण ३० टक्क्यांहून कमी भार असलेली सर्किटे मोजायची नसतात, असे वाचले आहे.

हिशेबी | बुधवार, दुपारी २.४०

दुसरा मुद्दा आधी घेतो. तो नियम कॅटलॉगच्या आकड्याच्या ३० टक्क्यांचा नाही, तर गर्दीचा गुणांक लावून उरलेल्या आकड्याच्या ३० टक्क्यांचा आहे. तुमच्या आजच्या पीव्हीसी वायरीत ६.४ चे ३० टक्के म्हणजे १.९ अँपिअर. तीन अँपिअरवाले त्यात बसत नाहीत, त्यामुळे सर्किटे नऊच धरावी लागतील. त्याच चॅनेलमधील कंट्रोलच्या वायरी मात्र मोजू नयेत, कारण कॉन्टॅक्टरच्या (मोटार चालू-बंद करणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचच्या) कॉइलला जाणारा प्रवाह नगण्य असतो.

आता एक्सएलपीई. तो आकडा १०.६ तेव्हाच येतो, जेव्हा तांबे ९० अंशांपर्यंत तापू दिलेले असते. ते ९० अंशांचे तांबे जाऊन बसते कुठे, तर एमसीबीच्या आणि कॉन्टॅक्टरच्या टर्मिनलमध्ये. या उपकरणांची चाचणी होते तेव्हा त्यांना ठरावीक जाडीची वायर जोडलेली असते. १२ अँपिअरपर्यंत दीडची, २० पर्यंत अडीचची, २५ पर्यंत चारची, ३२ पर्यंत सहाची. ती वायर उपकरणाची उष्णता बाहेर ओढून नेते, असे त्यात गृहीत असते. आपण तापलेली बारीक वायर जोडली तर उष्णता उलट दिशेने जाते. चांगले इन्सुलेशन वायरीला वाचवते, पण शेजारच्या उपकरणाला त्याचा उपयोग नाही. मी एक्सएलपीई वापरतो, पण हिशेब ७० अंशांचाच ठेवतो आणि वरची ताकद राखीव समजतो.

पत्रा आणि बसबार | बुधवार, सायंकाळी ५.१०

येथे मी हिशेबींशी पूर्ण सहमत आहे आणि आणखी एक गोष्ट सुचवतो. हवेचे ५५ अंश आणि चॅनेलमधली गर्दी ही दोन वेगळी दुखणी आहेत. चॅनेल वायरींनी तापते, परंतु पॅनेलची हवा प्रामुख्याने ड्राइव्हनी तापते. १५ किलोवॅटचा ड्राइव्ह ९७ टक्के कार्यक्षम धरला तरी साडेचारशे वॅट आत सोडतो. दोन ड्राइव्ह म्हणजे पॅनेलच्या आत जवळजवळ एक किलोवॅटची शेगडी अखंड चालू आहे.

पंख्याचा हिशेब असा की वॅट गुणिले ३.१, भागिले आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक, म्हणजे तासाला लागणारी घनमीटर हवा. ९०० वॅट आणि १० अंशांचा फरक धरला तर सुमारे २८० घनमीटर लागते. पण शेडमध्येच ४४ असतील, तर पंखा कितीही मोठा लावला तरी आत ४४ च्या खाली येणार नाही. त्याखाली आणायचे असेल तर पॅनेलचा एसीच लागतो.

भीमाकाठ | बुधवार, सायंकाळी ५.३५

आणि टॉवेलच्या कारखान्यात तो २८० घनमीटरचा पंखा तिसऱ्या दिवशी ऐंशी घनमीटरचा होतो, कारण फिल्टरवर सुताच्या तंतूंचा नमदा बसतो. मी एकदा असा फिल्टर काढला, तर तो अक्षरशः हातरुमालासारखा घडी घालून ठेवता आला.

कडक भाकरी | बुधवार, सायंकाळी ५.४१

त्यालाही सोलापुरी म्हणून भौगोलिक मानांकन मागावे लागेल.

जुना वायरमन | बुधवार, रात्री ९.०५

सर्व वाचले. एकच व्यावहारिक अडचण मांडतो. हिशेबाने ११ अँपिअरला सहाची वायर लागेल, कारण ३६ गुणिले ०.६१ गुणिले ०.५० केले की बरोबर ११ येतात. सत्तावीस सहाच्या वायरी त्या चॅनेलमध्ये झाकण लावून बसणारच नाहीत आणि ओव्हरलोड रिलेच्या (मोटारीवर जास्त भार आला की ती बंद करणाऱ्या उपकरणाच्या) टर्मिनलमध्ये लग घालताना मुलगा रडेल. वायर जाड करण्याआधी वाट मोकळी करावी. तीन-तीन सर्किटे तीन चॅनेलमधून न्यावीत.

हिशेबी | बुधवार, रात्री ९.५०

अण्णा, मी चार पोस्टमध्ये जे सांगू शकलो नाही, ते आपण दोन वाक्यांत सांगितले. तीन सर्किटांचा गुणांक ०.७०. चारची वायर घेतली तर २८ गुणिले ०.६१ गुणिले ०.७०, म्हणजे जवळपास १२ अँपिअर, तेही ५५ अंशांना. ड्राइव्ह बाहेर काढून हवा ५० वर आणता आली तर हेच १३.९ होतात. ओव्हरलोड रिले ११ वर लावलेला असतो आणि वायरीची क्षमता त्याच्या वर राहते, म्हणजे वायरीचेही रक्षण होते. आज तसे होत नाही. रिले ११ पर्यंत गप्प बसतो आणि वायर ६.४ लाच थकते.

चॅनेल मात्र एकमेकांना चिकटवू नयेत, मध्ये बोटभर जागा ठेवावी.

चिंचोलीकर | पुढचा रविवार, रात्री ८.३०

साप्ताहिक सुटीला काम उरकले. दोन्ही ड्राइव्ह शेजारच्या भिंतीवर स्वतंत्र पेटीत नेले. डाव्या, उजव्या आणि मधल्या अशा तीन चॅनेलमधून तीन-तीन फीडर उतरवले आणि नऊही फीडर चारच्या वायरीने ओढले. भार विभागताना ड्रायरचे तीनही पंखे एकाच चॅनेलमध्ये येणार नाहीत, याची काळजी घेतली. एमसीबींच्या मध्ये जागा सोडली, त्यासाठी एक डिन रेल वाढवावी लागली. जुने चॅनेल उतरवले तेव्हा त्याचा मधला भाग बाहेरच्या बाजूला फुगलेला होता. मऊ झालेल्या वायरींचा एक तुकडा मी मालकांच्या टेबलावर ठेवला आहे, त्यामुळे चारच्या वायरीचे बिल विनाप्रश्न मंजूर झाले.

आज दुपारी तीनला शेडमध्ये ४३ आणि पॅनेलमध्ये वरच्या बाजूला ४९ अंश होते. पंख्यांचे प्रवाह तेच आहेत, दहा-साडेदहा. एमसीबी पडला नाही. मधल्या चॅनेलमधील वायर हाताला कोमट लागते.

जुन्या वायरमनसाहेबांना सांगायचे राहिले. दोन टर्मिनलचे स्क्रू खरोखरच ढिले निघाले.

जुना वायरमन | रविवार, रात्री ८.४४

मी म्हणालोच होतो. तो लांब तारेचा तापमापक कोठून घेतलात, तेवढे कळवावे. उद्या एका पॅनेलमध्ये सोडून पाहायचा आहे.